गोवराची लस आणि फडावरची लेकरं

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गप्पा वळतात लेकरांच्या दुखण्यावर. परवा एकीनं विचारलं, "डॉक्टर नुसतं 'व्हायरल आहे' म्हणतात, म्हणजे काय?"

व्हायरल म्हणजे विषाणूमुळे आलेलं दुखणं. विषाणू अगदी साधा असतो. आत त्याच्या जातीची खूण असलेला धागा, वर प्रथिनांचं कवच. गोवर, फ्लू, कोरोना यांच्या विषाणूंवर चरबीचं आवरणही असतं. साबणानं ते फुटतं, म्हणून हात धुवायचे. विषाणूला स्वतःची चूल नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्यासारखे असंख्य विषाणू करून घेतो. अँटिबायोटिक चालतं जिवाणूंवर, विषाणूंवर नाही. तरी साध्या सर्दीलाही "एक सुई मारा ना" म्हणून आपणच मागे लागतो!

सर्दी, कांजिण्या, गालगुंड, डेंग्यू ही सगळी विषाणूंचीच दुखणी. पण आम्हाला काळजी गोवराची. गोवर झालेलं मूल खोलीतून गेलं तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. तिथं नुसता साबण पुरत नाही. अंगावर पुरळ आलं की "निघू द्या, आपोआप बरं होईल" म्हणतात, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवतात. पाला खुशाल ठेवा, पण दवाखान्यात न्याच. गोवरात न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळे जाऊ शकतात. म्हणून डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात. 2022 साली मुंबईत गोवंडी भागात साथ आली, लेकरं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं बरीच होती.

लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. घोळ होतो तो दुसऱ्याचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात, लेकरू कडेवर फडावर जातं आणि तारीख इकडं गावातच राहते. मैत्रिणींनो, लस फक्त आपल्याच गावात मिळते असं नाही. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही मिळते, फुकट. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. लस टोचल्यावर थोडा ताप येतो, त्याला भिऊ नका.

कोयता बांधाल त्या दिवशी लसीकरणाचं कार्ड आधार कार्डाच्याच पिशवीत घाला. कार्ड हरवलं असेल तर निघण्याआधी आशाताईंना गाठा, त्यांच्याकडच्या नोंदी पाहून राहिलेला डोस कळेल.