कोट आधी उलटा करून पाहा



आकाशवाणीनं मला दिलेला विषय असा आहे : युरोपात जाणाऱ्या आपल्या माणसांनी तिथं पुरुषांचे चांगले कपडे कसे घ्यावेत. आमच्या बंगळुरात आता हा घरोघरचा विषय झाला आहे. इथल्या कंपन्यांतली आपली मुलं कामासाठी दोन-तीन आठवडे लंडनला, मिलानला, पॅरिसला जातात. शनिवार मोकळा मिळाला की दुकानांत शिरतात. इकडून आईचा फोन जातो, "अरे, बाबांसाठी एक चांगला कोट बघ." आणि मुलगा कोट आणतो. महाग असतो, पण चांगला असतोच असं नाही.

मी 30 वर्षं शिवणकाम शिकवलं. माझे वडील इथल्या चिकपेटेत कोट शिवत असत. बंगळूरच्या शिंप्यांमध्ये मराठी बोलणारी घरं पुष्कळ, नामदेव शिंप्यांची आणि भावसारांची. बाहेर कन्नड, घरात मराठी. आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले, असं यातली काही घराणी सांगतात. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांकडे होतं, हे तर आपण इतिहासात वाचलेलंच आहे. पुढे 1809 पासून इंग्रजांनी इथं लष्करी छावणी वसवली आणि कोट-पाटलोणींना गिऱ्हाईक मिळालं. इथली हवाही अशी की बारा महिने कोट अंगावर सहन होतो. पिशे नारायणरावांनी 1923 साली सुरू केलेलं पी. एन. राव हे दुकान आजही इथं सूट शिवतं. सांगायचं एवढंच, की कोट ही आपल्याला परकी वस्तू नाही. ती पारखायची कशी, हेही आपल्या घरात माहीत आहे.

घरात म्हणजे कुणाला? बायकांना. म्हणून आज मी आधी ऐकणाऱ्या भगिनींशी बोलते. तुम्ही ब्लाउज शिवून आणता, तेव्हा काय करता? घालता, आणि आधी हात वर करता. हात वर केल्यावर ब्लाउज वर चढला, की लगेच म्हणता, मुंढा चुकला. मग ब्लाउज काढून उलटा करता आणि बघता, आत माया किती सोडली आहे, जास्तीच्या टिपा मारल्या आहेत का. म्हणजे दोन वर्षांनी अंग भरलं तर एक टीप उसवता येईल. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. आता हेच, अगदी हेच, लंडनच्या दुकानात कोट घेताना करायचं असतं. पुरुष ते करत नाहीत. ते कोट घालतात, आरशासमोर ताठ उभे राहतात, लेबल वाचतात आणि पैसे देतात. ताठ उभं राहिल्यावर कुठलाही कोट चांगलाच दिसतो.

मुंढ्याचं थोडं समजावून सांगते, कारण सगळी गोम तिथं आहे. बाही जिथं अंगाला जोडतात, ते भोक म्हणजे मुंढा. आपल्याला वाटतं, मुंढा मोठा असला की हात मोकळा राहतो. नेमकं उलटं आहे. मुंढा खोल, खाली उतरलेला असला, तर हात उचलताना बाही सगळ्या कोटाला बरोबर ओढते. बसमध्ये उभं राहून दांडी धरलेल्या सूटवाल्या तरुणाकडे बघा. कॉलर मानेपासून उठलेली असते, खांदे कानाशी आलेले असतात, कोटाचा घेर पोटावर चढलेला असतो. त्याचा मुंढा मोठा आहे. मुंढा लहान आणि काखेजवळ उंच असेल, तर हात वर जातो आणि कोट जागच्या जागी राहतो. पुन्हा सांगते : लहान मुंढा, मोकळा हात. इटलीत नेपल्सचे शिंपी यासाठी नावाजलेले आहेत. मुंढा लहान ठेवायचा आणि बाहीचं कापड त्यापेक्षा जास्त घेऊन, हातानं बारीक चुण्या घालून ते त्यात बसवायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळे खांद्यावर शर्टाच्या बाहीसारखी हलकी चुणी दिसते. ती बघून आपली माणसं म्हणतात, "शिलाई बिघडली आहे." बिघडलेली नाही, त्या चुणीचेच पैसे असतात.

तेव्हा दुकानात कोट घातल्यावर हात वर करा, दांडी धरल्यासारखा. मग खुर्चीवर बसा. मग दोन्ही हात पुढे घ्या, जणू टेबलावर लिहिता आहात. तिथला विक्रेता हसणार नाही. चांगल्या दुकानात तर तो स्वतःच तुम्हाला बसायला सांगतो.

आता माया. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. केवढा सुंदर शब्द आहे! ज्यानं शिवलं त्याला ठाऊक असतं, की हा माणूस उद्या बदलणार आहे, जाड होईल, आजारी पडून वाळेल, आणि त्यासाठी तो आत बोटभर कापड राखून ठेवतो. पाटलोणीची मागची शिवण उलटून बघा. चांगल्या पाटलोणीत तिथं वर कमरेशी चांगली दीड इंच माया असते आणि खाली कमी होत जाते. कोटाच्या पाठीच्या शिवणीतही असते, पण तिथं बहुतेक अस्तर असतं, म्हणून बोटांनी चाचपून अंदाज घ्यावा लागतो. स्वस्तात शिवलेल्या कपड्याला माया नसते, कारण कारखान्यात हजार पाटलोणी कापताना प्रत्येकीत अर्धा इंच वाचवला की कापडाचे तागे वाचतात. लेबलावर नाव कितीही मोठं असो, आत माया नसेल तर तो कपडा एका वयापुरताच आहे.

आणि काज. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण लहानपणी आमच्या घरी काजांचं काम आम्हा मुलींकडे असायचं. वडील कोट शिवून आणायचे, संध्याकाळी दिव्याखाली आई आणि मी काज करायला बसायचो. रेशमी दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. आधी कापडाला काप द्यायचा, मग कापाच्या कडेनं जाड दोरा धरायचा आणि त्यावर टाका घ्यायचा. प्रत्येक टाक्याला कडेवर एक गाठ. गाठी एकीला एक लागून बसल्या पाहिजेत, ज्वारीच्या कणसातल्या दाण्यांसारख्या. एका काजाला मला पंधरा मिनिटं लागत, आईला दहा. यंत्र काज करतं तेव्हा बहुतेक वेळा आधी शिवतं आणि नंतर मधे कापतं. म्हणून यंत्राच्या काजात डोकावलं की कापडाच्या दशा दिसतात. हाताच्या काजात कड बंद असते, गाठींनी उभारलेली असते. बोट फिरवलंत तर डोळे मिटूनही फरक कळेल. कोटाच्या कॉलरवर डाव्या बाजूला जे काज असतं, तिथं बोट फिरवा. ज्यानं ते हातानं केलं, त्यानं बाकी कोटही बहुधा मन लावून केलेला असतो.

बाहीच्या टोकाला बटणं असतात, त्यांची काजं खरी उघडणारी असली तर लोक खूश होतात. पण तयार कोट घेत असाल आणि बाही लांब होत असेल, तर ही खरी काजं अडचणीची ठरतात. बाही खालून आखूड करता येत नाही, ती खांद्यापासून उसवावी लागते आणि ते काम महाग पडतं. नियम एकच : खांदा बरोबर बसला पाहिजे. कंबर, बाहीची लांबी, पाटलोणीची उंची, हे सगळं चिकपेटेतला शिंपी नीट करून देईल. खांदा नाही.

छातीचं सांगायचं राहिलंच. कोटाच्या छातीत वरचं कापड आणि मागची बाजू यांच्यामध्ये एक तिसरा थर असतो, कॅनव्हास. चांगल्या कोटात तो लोकरीचा आणि घोड्याच्या केसांचा असतो आणि शेकडो बारीक टाक्यांनी पकडलेला असतो. सैल असतो, म्हणून काही महिन्यांत तो तुमच्या छातीचा आकार घेतो. स्वस्त कोटात तो गरम दाबानं चिकटवतात. बाजारात त्याला फ्यूजिंग म्हणतात. खालच्या काजाच्या जवळ कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि हलके वेगळे करा. मधे तिसरं काही सरकताना लागलं, तर टाक्यांचा कोट. नाही लागलं, तर चिकटवलेला. मुलीकडे लंडनला गेले होते, तेव्हा यजमानांसाठी तिथल्या एका मोठ्या दुकानातून कोट घेतला. झगमगाटात मीही चिमूट घ्यायची विसरले. दुसऱ्या ड्रायक्लीनिंगनंतर छातीवर फोड आल्यासारखे फुगे उठले. ते पुन्हा बसत नाहीत.

आता शहरांकडे येते. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत मापानं सूट शिवतात. हेन्री पूल ही पेढी 1806 पासूनची आहे. तिथं एका सूटाला हाताचं पन्नास तासांहून जास्त काम असतं, मधे दोन-तीनदा अंगावर घालून बघावं लागतं आणि काही महिने जातात. एका आठवड्याच्या दौऱ्यात ते होत नाही, आणि किंमत हजारो पौंडांत आहे. तरी ती गल्ली एकदा चालून या. बऱ्याच दुकानांत तळघरातल्या खिडक्यांतून शिंपी काम करताना दिसतात. मी तिथं अर्धा तास उभी होते. कात्री धरायची ढब वडिलांचीच.

माझं म्हणणं असं : तयार कोट आणण्यापेक्षा कापड आणा. इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी बिएला नावाचा भाग आहे. डोंगराचं पाणी मृदू, लोकर धुवायला उत्तम, म्हणून तिथं गिरण्या वाढल्या. व्हिताले बार्बेरिस कानोनिको या गिरणीची परंपरा 1663 पासूनची आहे. इंग्लंडात हडर्सफील्डची तीच कहाणी. दीडशे सेंटीमीटर पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड सूटाला साधारण पुरतं. घेताना वजन विचारा. आपल्या हवेला मीटरला अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅमचं, जास्त पीळ दिलेल्या सुताचं उघडं विणकाम बरं. आणि सुपर 150, सुपर 180 या आकड्यांमागे धावू नका. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे, टिकाऊपणाचा नाही. फार बारीक तंतूची पाटलोण रोज खुर्चीवर बसणाऱ्याला पुरत नाही. सुपर 100, 110 पुष्कळ झालं.

एक थोडं रागावून सांगते. नव्या कोटाच्या बाहीवर शिवलेलं गिरणीचं लेबल काढायचं असतं. पाठीमागच्या फटीवर पांढऱ्या दोऱ्यानं जी फुली मारलेली असते, ती कापायची असते. खिशांवरचे कच्चे टाके उसवायचे असतात. लग्नांत मी चांगल्या शिकलेल्या मुलांना ती फुली तशीच घेऊन मिरवताना बघते आणि जीव तळमळतो. ज्यानं शिवलं, त्यानं तो टाका वाटेत कोट चुरगळू नये म्हणून घातलेला असतो. घरी आल्यावर आपण तो सोडवायचा.

समोरून खूण होते आहे, तेव्हा बाकीचं भराभर सांगते. इटालियन कोटाच्या मापातून दहा वजा केले की इंग्रजी माप येतं, तिथला 50 म्हणजे आपला 40. फ्रान्समध्ये सेलच्या तारखा सरकार ठरवतं, जानेवारीत आणि जूनअखेरीस सुरू होतात. ऑगस्टच्या मध्यात इटलीतले शिंपी सुट्टीवर असतात. युरोपीय संघातल्या देशांत पासपोर्ट दाखवून करपरतीचा कागद मागून घ्या आणि संघातून बाहेर पडताना विमानतळावर त्याची नोंद करून घ्या. इटलीत 70 युरोंच्या वर खरेदी असली की तो मिळतो. ब्रिटनमध्ये सामान बरोबर घेऊन येणाऱ्या प्रवाशांसाठी ही सवलत 2021 पासून बंद आहे. बुटांचं, टायचं राहिलंच. शर्ट घेण्याआधी मात्र आतली पट्टी वाचा. कितीतरी शर्टांवर "मेड इन इंडिया" दिसेल आणि त्यातले बरेच इथंच, बंगळुरात, आमच्या म्हैसूर रोडवर नाहीतर पीण्या भागात शिवलेले असतील. आमच्या मुलींच्या हातचं काम आहे ते, चांगलंच असतं. फक्त ते आणायला मिलानला जायला नको.

आणि एक करा. आज रात्री कपाटातला एक जुना कोट काढा, तो उलटा करा आणि शिवणींत माया किती आहे, ते बोटांनी चाचपून बघा. आई घरात असेल तर तिला शेजारी बसवा.