खालच्या स्वरातला थोरला



चौघं मिळून गात असले की आपला कान वरच्या आवाजाकडे जातो, कारण चाल तिथं असते. आज मला बोलायचंय ते तळाच्या आवाजाबद्दल. तो आवाज जॉन मिल्स ज्युनियरचा. अमेरिकेतल्या मिल्स ब्रदर्स या कृष्णवर्णीय चौकडीतला हा थोरला. जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड हे चौघे सख्खे भाऊ, ओहायो राज्यातल्या पिक्वा या लहानशा गावचे. वडिलांचं केशकर्तनालय होतं. ते स्वतःही चौकडीत गायचे, त्यामुळे चार आवाज एकमेकांत कसे बसवायचे हे मुलांच्या कानावर घरातच पडलं.

सुरुवातीला ही मुलं गाण्यासोबत काझू वाजवायची, म्हणजे गुणगुणून वाजवायची पिपाणी. एका स्पर्धेत ती आणायची राहिली, तेव्हा हॅरीनं तोंडापुढे ओंजळ धरून तसाच आवाज काढला, अशी हकीकत नेहमी सांगतात. मग चौघंही गळ्यानं वाद्यं वाजवू लागले. कुणी ट्रम्पेट, कुणी ट्रॉम्बोन. जॉनकडे आला ट्यूबा, बँडमधलं सर्वांत खोल आवाजाचं ते अवाढव्य पितळी वाद्य. गळ्यात ट्यूबा आणि हातात गिटार! खर्ज त्याचा, ठेकाही त्याचाच. तंबोरा जुळलेला नसेल तर कितीही तयारीचा गवई मैफल उभी करू शकत नाही. या चौकडीत तंबोऱ्याची जागा जॉनची होती.

१९३०मध्ये हे भाऊ न्यूयॉर्कला सीबीएस रेडिओवर पोहोचले. पुढच्याच वर्षी ‘टायगर रॅग’ची तबकडी निघाली आणि प्रचंड गाजली. एका गिटारखेरीज कुठलंही वाद्य वापरलेलं नाही, असा खुलासा त्यांच्या तबकड्यांवर छापला जाई. गळ्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

बोलपट तेव्हा कोवळा होता आणि त्याला रेडिओवरचे लोकप्रिय आवाज हवे होते. १९३२च्या ‘द बिग ब्रॉडकास्ट’मध्ये गायक बिंग क्रॉस्बीबरोबर मिल्स बंधूही पडद्यावर आले. फ्लायशर स्टुडिओच्या छोट्या व्यंगपटांतही ते गायले. गाण्याचे शब्द पडद्यावर उमटायचे, त्यांवरून एक चेंडू उड्या मारत जायचा आणि प्रेक्षकांनी सोबत गायचं. १९३३च्या एका व्यंगपटातलं गाणं तर ट्यूबावरचंच!

मोठ्या चित्रपटांत मात्र यायचं, गायचं आणि निघून जायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला येई. कृष्णवर्णीय कलावंतांचे प्रसंग कथेपासून सुटे ठेवण्याची हॉलिवूडची रीत होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या चित्रपटगृहांसाठी ते सहज कापता येत. इतके गुणी गायक, आणि कात्रीच्या सोयीनं उभे केलेले! याचा मला मनापासून राग येतो.

इंग्लंडच्या दौऱ्यात जॉन आजारी पडला. १९३६च्या जानेवारीत तो गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. भावांना पुढं गावंसंच वाटेना. अखेर त्याच्या जागी उभे राहिले ते वडील, थोरले जॉन मिल्स. गिटारसाठी वेगळा वादक घ्यावा लागला. मुलाच्या जागेवरून वडील १९५०च्या दशकापर्यंत गात राहिले.

१९४३चं त्यांचं सर्वांत गाजलेलं ‘पेपर डॉल’ ऐकाल, तर त्यातला खर्ज वडिलांचा आहे. मुलाचा ऐकायचा असेल तर १९३१ ते १९३५मधल्या तबकड्या शोधाव्या लागतील. सुरुवात ‘टायगर रॅग’पासून करा, आणि पहिल्यांदा ऐकताना फक्त ट्यूबाकडे लक्ष द्या.