तोंडात तीन बोटं जातात का?

दारव्हा तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. आधी एक काम करा. हात धुवा, तोंड मोठं उघडा आणि मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी पुढच्या दातांमध्ये घाला. गेली का?

मागच्या बैठकीत आम्ही हेच केलं. हसत-खिदळत सुरू झालं. एका काकूंची मात्र दोनच बोटं गेली. मग त्याच सांगू लागल्या, वर्षभरापासून तिखटाने तोंडाची आग होते, भाकर दुधात भिजवून खाते. खर्रा? निंदणाला जाताना एक पुडी, येताना एक. भूक मारायला. आम्ही गप्प झालो, कारण पुडी काही एकट्या काकूंकडेच नव्हती.

तंबाखू वाईट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारीला कोणी बोल लावत नाही, पूजेची ना ती! पण सुपारीनेच गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली तंतू दाटतात. गाल ताठरतो, तोंड उघडेनासं होतं. १९५२ साली या दुखण्याची नोंद झाली, तीही केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये. हा कर्करोग नव्हे, पण काही जणांना पुढे त्याच तोंडात कर्करोग होतो.

आम्हाला वाटायचं, कर्करोग म्हणजे फक्त बिघडलेली पेशी. पण तिच्या भोवतालचं मांस मऊ आहे की कडक, यालाही महत्त्व असतं. कडक जागी रोग अडकेल असं वाटतं ना? बरेचदा उलटं होतं. सैल दोरीवर मुंगी डगमगते, ताणलेल्या दोरीवरून झरझर जाते. तसंच बिघडलेल्या पेशी तंतू ओढून ताठ करतात आणि त्यांच्याच आधाराने पुढे सरकतात. भोवतीचा कडकपणा त्यांना वाढायलाही चिथावतो. स्तनातली गाठ हाताला टणक लागते, तीही बरीचशी अशा दाटलेल्या तंतूंमुळेच. गाठ दुखत नाही म्हणून घरी बसू नका.

घट्ट झालेला गाल पुन्हा पहिल्यासारखा होणं कठीण. पण सुपारी सुटली तर पुढचं बिघडणं थांबू शकतं, आणि तोंड उघडायचे व्यायाम डॉक्टर शिकवतात. तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर लगेच दाखवा. तिशीपुढच्या बायांची तोंडाची आणि स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आशाताईंना विचारा.

काकूंना आम्ही सोमवारी दवाखान्यात नेतोय. ऑटोत अजून दोघींची जागा आहे.