‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की कुठं झालं?

आज सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होतो. सोलापुरात मामांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. त्यांना मी बिलाचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. दिवाळीच्या तोंडावर, भर गर्दीत लाईट गेली. यूपीएस नव्हता. लाईट आल्यावर बघतो तर उधारीची फाईल शून्य बाइट! मामा एवढंच म्हणाले, “अरे, सेव्ह झालं म्हणून दाखवत होतं की.”

दाखवत होतं, खरंय. पण सेव्ह झालं होतं ते रॅममध्ये.

प्रोग्रॅम ‘राइट’ म्हणतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम डेटा रॅममधल्या पेज कॅशमध्ये ठेवते आणि लगेच ‘झालं’ सांगते. कारण डिस्क रॅमपेक्षा खूप हळू. प्रत्येक वेळी तिची वाट बघितली तर सगळंच रखडेल. डिस्कवर न पोचलेल्या या पानांना ‘डर्टी पेज’ म्हणतात. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार दर 5 सेकंदांनी कर्नल जागं होतं आणि 30 सेकंदांपेक्षा जुनी डर्टी पेजेस डिस्कवर पाठवतं. म्हणजे अर्धा मिनिट तुमचा डेटा विजेच्या भरवशावर!

मग जुनी उधारी तरी का गेली? कारण मी तीच फाईल रिकामी करून पुन्हा लिहीत होतो. रिकामी झाल्याची नोंद डिस्कवर पोचली, नवा मजकूर पोचलाच नाही. 2009 मध्ये लिनक्सच्या ईएक्सटी4 फाईलसिस्टिमवर असंच झालं. क्रॅशनंतर लोकांच्या सेटिंगच्या फाईली शून्य बाइट निघाल्या, मोठा वाद झाला आणि कर्नलमध्ये दुरुस्ती करावी लागली.

तुम्ही म्हणाल, जर्नलिंग असतं ना? असतं. दुकानात आधी रोजकीर्द, मग खतावणी, तसंच ते. बदल आधी जर्नलमध्ये, मग जागेवर. पण बहुतेक वेळा त्यात फाईलचं नाव, आकार, जागा एवढीच नोंद असते. जर्नल फाईलसिस्टिम वाचवतं, मामांची उधारी नाही.

बरोबर रीत अशी: नवा मजकूर वेगळ्या तात्पुरत्या फाईलमध्ये लिहा. ‘एफसिंक’ बोलवा, म्हणजे डेटा डिस्कवर पोचेपर्यंत प्रोग्रॅम थांबतो. मग त्या फाईलला जुन्या फाईलचं नाव द्या आणि शेवटी फोल्डरवरही एफसिंक करा. मध्येच लाईट गेली तरी जुनी फाईल अख्खी राहते किंवा नवी अख्खी मिळते. अर्धवट काही नाही.

आणि एफसिंकनं काय उत्तर दिलं ते तपासा! 2018 मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा फसलं आणि पुन्हा बोलवलं, तर ते ‘यशस्वी’ म्हणू शकतं, डेटा गेलेला असला तरी. त्यानंतर पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न करत बसत नाही. सरळ थांबतं आणि स्वतःच्या लॉगमधून सावरतं.

मामांची काही गिऱ्हाइकं आपणहून येऊन उधारी सांगून गेली. बाकीची बुडाली. प्रोग्रॅम मी नंतर दुरुस्त केला, पण मामा आजही शेजारी वही ठेवतात. मी काही बोलत नाही.

तुम्ही कोड लिहीत असाल तर एफसिंक झाल्याशिवाय स्क्रीनवर ‘सेव्ह झालं’ दाखवू नका. लिहीत नसाल तर निदान पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढू नका. भेटू पुढच्या भागात!