किलपेकचे चर्च

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. जावयाने एका रविवारी गाडी काढली आणि हेरफर्ड शहराच्या नैऋत्येला किलपेक नावाच्या खेड्यात नेले. वेल्सची सरहद्द तिथून जवळच. थोडी घरे, शेते, मेंढरे, एका टेकाडावर किल्ल्याचे पडके अवशेष आणि त्याला लागून गावचे चर्च. इ. स. ११४०च्या सुमारास बांधलेले. आपले अंबरनाथचे शिवालय शके ९८२चे, म्हणजे १०६०चे. दोन्हींत जेमतेम ऐंशी वर्षांचे अंतर.

इमारत अगदी लहान, तांबूस दगडाची. पण दक्षिणेच्या दारापाशी पाय थबकतात. कमानीखालच्या अर्धवर्तुळात एक वेल कोरली आहे. जाणकार तिला जीवनवृक्ष म्हणतात. दाराच्या दोन्ही अंगांना एकमेकांत गुंतलेले साप. एका खांबावर वेलींच्या जाळ्यात सापडलेले दोन शिपाई, अंगात चुण्यांचे कपडे. मी मशिदीच्या सावलीत वाढलो. मूर्तीपेक्षा वेलबुट्टी वाचायची माझ्या डोळ्यांना सवय. कुठली वेल कुठून निघते नि कुठे शिरते, हे हवेतच बोट फिरवून शोधत राहिलो. जावई घड्याळ बघत होता.

मग वर पाहिले. छपराच्या कडेखाली भिंतीभर दगडी तोड्यांची ओळ आहे. मूळचे ९१, त्यातले ८५ शाबूत. डुक्कर आहे, मेंढा आहे, वाद्य वाजवणारा आहे. एका तोड्यावर कुत्रा आणि ससा असे गळ्यात गळा घालून बसलेत, की कालच कुणा व्यंगचित्रकाराने काढले असावेत. आणि एक बाई आहे. ती कशी बसली आहे हे आकाशवाणीवरून सांगणे कठीण; अंबरनाथच्या बाह्य भिंती नीट पाहिलेल्यांना कळेल. देवाच्या घराला कोरणाऱ्यांनी माणसाचे काहीच वर्ज्य मानले नाही, इकडेही आणि तिकडेही.

या कारागिरांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. ह्यू नावाच्या नॉर्मन सरदाराने हे चर्च ११३४ साली ग्लॉस्टरच्या मठाला दिल्याची नोंद आहे. देणाऱ्याचे नाव राहिले, घडवणाऱ्याचे नाही. ही तक्रार जुनीच.

याच शैलीच्या कारागिरांनी त्याच परगण्यात शोब्डनला एक चर्च सजवले होते. १७५०च्या दशकात तिथल्या धनिक मालकांना नव्या फॅशनचे चर्च हवे झाले. जुने पाडले, कोरीव कमानी तेवढ्या उचलून बागेतल्या उंचवट्यावर शोभेला उभ्या केल्या. अडीचशे वर्षे पाऊस आणि थंडी खाऊन त्यांवरचे चेहरे आता ओळखू येत नाहीत.

किलपेकला तसा हौशी मालक लाभला नाही. किल्ला ढासळला, वस्ती विरळ झाली. १८४८च्या सुमारास कॉटिंगहॅम या वास्तुतज्ज्ञाने डागडुजी केली, तीही जपून. दगडही तिथला टणक. पण मला विचाराल तर या चर्चला वाचवले ते गावाच्या गरिबीने.

निघताना जावयाला म्हटले, दोन मिनिटे थांब. त्या कुत्र्या-सशाला पुन्हा एकदा पाहून आलो.