खुर्च्यांच्या कारखान्यातला ब्लूज



अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी पोर्ट वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथं खुर्च्या बनवणारी एक कंपनी होती, विस्कॉन्सिन चेअर कंपनी. ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या करता करता मालकांच्या लक्षात आलं, की जोडीला तबकड्या असतील तर पेट्या जास्त खपतील. 1917 साली त्यांनी ‘पॅरामाउंट’ हे लेबल काढलं ते एवढ्यासाठीच. संगीतप्रेमाचा त्यात काही भाग नव्हता. पुढे कृष्णवर्णीय गिऱ्हाईक ब्लूजच्या तबकड्या हौसेनं विकत घेतं असं दिसल्यावर त्यांनी तोही माल काढला. आज ज्याला आपण ठेवा म्हणतो, तो अशा दुकानदारीनं राखला.

तबकड्या लाखेच्या असत. ती लाख बहुतेक हिंदुस्थानातली; छोटा नागपूरच्या रानात पळसा-कुसुमावरून खरवडलेली. तिच्यात दगडाची भुकटी मिसळत. पॅरामाउंटनं या मिश्रणात इतकी काटकसर केली, की कोरी तबकडीसुद्धा खरखरायची.

दुसरं ठिकाण इंडियाना राज्यातलं रिचमंड. तिथं स्टार पियानो कंपनीचा कारखाना होता आणि त्याच आवारात ‘जेनेट’ या तिच्या लेबलाची ध्वनिमुद्रणाची खोली. बाजूनंच रेल्वेचा रूळ. गाडी आली की मुद्रण थांबायचं. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. कर्ण्यासमोर वाजवायचं, त्या आवाजानं सुई थरथरायची आणि मेणावर रेघ उमटायची. खर्जाचे स्वर त्यात पुसटच येत. म्हणजे पियानोवाल्याचा अर्धा जीव ज्या डाव्या हातात, तोच दुबळा! तरीही जुलै 1923 मध्ये जेली रोल मॉर्टननं तिथं वाजवलेलं ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ऐकावं. जॅझ आपणच 1902 साली शोधून काढला, असं हा गृहस्थ सांगत फिरे. वादन ऐकल्यावर ती बढाई निम्मी तरी माफ करावीशी वाटते.

रिचमंडला जी रेल्वे आवाज बिघडवायची, ती चारच वर्षांनी थेट पियानोत शिरली. डिसेंबर 1927 मध्ये शिकागोच्या मीड लक्स लुईसनं पॅरामाउंटसाठी ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ वाजवलं. ही बूगी-वूगीची तऱ्हा. डावा हात ठेका धरून बसलेल्या तबलजीसारखा हटत नाही, आणि उजवा त्याच्यावर मोकाट फिरतो. शिट्टी घालतो, सांधे बदलतो, खडखडतो.

याच शहरात पाइनटॉप स्मिथही होता. त्यानं डिसेंबर 1928 मध्ये ‘पाइनटॉप्स बूगी वूगी’ मुद्रित केलं आणि तीन महिन्यांच्या आत एका नाचघरात गोळी लागून तो गेला. वय जेमतेम 24. मंदीत पॅरामाउंटही बुडालं. लुईसची तबकडी मात्र जॉन हॅमंड या हौशी, पैसेवाल्या माणसाच्या हाती पडली. त्यानं शोध घेतला, तेव्हा लुईस शिकागोत मोटारी धुवत होता. हॅमंडनं 1935 साली त्याच्याकडून तेच पुन्हा वाजवून घेतलं, आणि 1938 च्या डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नेऊन बसवलं.

लुईस ज्याचं ऐकून शिकला, त्या जिमी यॅन्सीकडे तर 1939 पर्यंत कुणी फिरकलंच नव्हतं. तो बेसबॉलच्या मैदानावरचं गवत राखायची नोकरी करायचा. मला स्वतःला या सगळ्यांत यॅन्सी जास्त आवडतो. तो घाई करत नाही, आणि सूर कुठलाही धरलेला असो, शेवट ‘ई फ्लॅट’वरच करतो. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता लुईसची 1927 सालची तबकडी लावतो. पॅरामाउंटचे मूळ साचे राहिले नाहीत, त्यामुळे कुणीतरी झिजेपर्यंत वाजवलेल्या प्रतीवरूनच हा आवाज उतरवलेला आहे. खरखरीची सवय व्हायला दहा-बारा सेकंद लागतील. तोवर डाव्या हातावर कान ठेवा.