विजेता कोण ठरेल ?



लातुरांत आमच्या गल्लींत बाहेरगांवचे पुष्कळ विद्यार्थी खोल्या घेऊन राहतात. त्यांतील एक, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा, एका एप्रिल महिन्यांत संध्याकाळीं माझ्याकडे आला आणि खालीं मान घालून म्हणाला, "सर, मोठ्या स्पर्धेंत कोण जिंकणार हें आधीं ओळखण्याची कांहीं गणिती रीत असते का ?" मीं जन्मभर गणित शिकविलें, म्हणून त्याला माझी आठवण झाली असावी. अधिक विचारतां असें कळलें कीं, अमेरिकेंत ऑगस्टा येथें दरवर्षीं होणाऱ्या गोल्फच्या 'मास्टर्स' स्पर्धेवर त्यानें मोबाइलवरून पैजा लावल्या होत्या आणि खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे त्यांत गेले होते. गोल्फचें मैदान त्यानें जन्मांत पाहिलें नव्हतें ! तिकडचा खेळ आपल्याकडे रात्रीं दिसतो. मुलगा अभ्यासाला जागतो आहे असें घरमालकिणीस वाटे.

त्याला जें सांगितलें तेंच आज आपणांपुढें मांडणार आहें. रीत असते, परंतु ती त्याला हवी होती तशी नसते.

आपल्या मुलखांत हा प्रश्न फार पूर्वींपासून विचारला जातो, आणि तो कुस्तीच्या फडांत. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवास मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवें यांच्या बाजाराबरोबर तेथें कुस्त्याही होतात. जोड लागण्यापूर्वीं फडाच्या कडेला बसलेल्या जुन्या मंडळींचें बोलणें कान देऊन ऐकावें. पैलवानाच्या नांवाला तीं फारशीं भुलत नाहींत. दम किती वेळ टिकतो, गेल्या दोन महिन्यांत हा कोणाशीं लढला, गुडघ्याला पट्टी कां बांधली आहे, आणि मुख्य म्हणजे हा मातींतला कीं गादीवरचा, हें तीं पाहतात. मातींत पकड बसवून प्रतिस्पर्ध्याला दमविणारा पैलवान गादीवर सहा मिनिटांच्या गुणांच्या हिशेबांत मागें पडूं शकतो. गडी तोच, बळ तेंच. जागा बदलली कीं भाकीत बदलतें.

निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ सालीं खुद्द लातुरांत महाराष्ट्र केसरी झाले. ती कुस्ती पाहिलेले कित्येकजण पुढें सांगत कीं, आम्हांला हें आधींच ठाऊक होतें. निकाल लागल्यावर आधींच ठाऊक असणें हा आपल्याकडील एक जुना गुण आहे.

जानेवारी २०२० मध्यें मात्र असें म्हणण्याची कोणाची छाती झाली नाहीं. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा त्या वेळीं पुण्यास बालेवाडी येथें होती. आदल्या वर्षाचे विजेते बाला रफीक शेख आणि त्याच्याही आदल्या वर्षाचे अभिजित कटके, हे दोघेही उतरले होते, आणि चर्चा त्या दोघांचीच. दोघेही अंतिम लढतीपूर्वींच हरले. मातीवरील गटांतून आमच्या लातूरचे शैलेश शेळके वर आले, गादीवरील गटांतून नाशिकचे हर्षवर्धन सदगीर. आणि मौज अशी कीं, दोघेही काका पवार यांच्याच तालमींतले. पवार हेही मूळचे लातूर जिल्ह्यांतले. सदगीरांनीं ३ विरुद्ध २ अशा गुणांनीं गदा मिळविली. आमच्या घरीं त्या रात्रीं कोणी नीट जेवलें नाहीं.

मग त्या दोन नामांकित मल्लांची निवड करणारे लोक मूर्ख होते काय ? मुळींच नाहीं. आतां हिशेब पाहा. समजा, एक मल्ल इतका तयारीचा आहे कीं, समोर कोणीही असो, शंभरांतून ऐंशी कुस्त्या तो जिंकेल. गदेपर्यंत पोहोंचण्यास त्याला ओळीनें पांच कुस्त्या जिंकावयाच्या आहेत. पहिल्या कुस्तीनंतर त्याची शक्यता शंभरांत ८०. दुसरीनंतर ८० चे ऐंशी टक्के, म्हणजे ६४. मग ५१, मग ४१, आणि पांचवीनंतर ३३! सर्वांहून सरस असूनही तीन वर्षांतून दोन वर्षें तो रिकाम्या हातानें घरीं येणार. "तोच सर्वांत चांगला" आणि "तोच जिंकेल" हीं दोन अगदी भिन्न विधानें आहेत.

गोल्फमध्यें हें अंतर आणखी रुंद होतें. तेथें समोरासमोर एक गडी नसतो. मास्टर्समध्यें सुमारें नव्वद, इंग्लंड-स्कॉटलंडकडील 'ओपन' स्पर्धेंत १५६ खेळाडू एकाच वेळीं उतरतात. दररोज १८ खळगे, चार दिवसांत ७२. चेंडू खळग्यांत घालण्यास ज्याला एकंदर सर्वांत कमी टोले लागले तो जिंकला. जॅक निक्लॉस यांनीं गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांत मिळून १८ विजय मिळविले, हें सर्वांना पाठ असतें. त्याच स्पर्धांत ते १९ वेळां दुसरे आले, हें थोड्यांना. टायगर वुड्स २००० सालीं अमेरिकेंतील मुख्य दौऱ्याच्या २० स्पर्धा खेळले आणि ९ जिंकले. अशीं वर्षें विरळाच. तरीही त्या वर्षीं ते ११ वेळां हरलेच. उलट २००३ च्या ओपनचे विजेते बेन कर्टिस त्या वेळीं जागतिक क्रमवारींत ३९६ वे होते.

तथापि जाणकारांना तेथेंही कांहीं धरून चालतां येतें. खळग्याजवळच्या हिरवळीवरील हलका टोला लहरी असतो, एक आठवडा साधतो, पुढच्या आठवड्यास चुकतो; दुरून हिरवळीवर चेंडू आणण्याचें कसब अधिक टिकाऊ असतें. म्हणून मागच्या आठवड्यांतील विजयापेक्षां कित्येक महिन्यांतील हें कसब पाहावें. मैदानही पाहावें. ऑगस्टाच्या उतरत्या, निसरड्या हिरवळी ओळखीच्या व्हाव्या लागतात. १९७९ सालीं फझी झोलर यांनीं पहिल्याच फेरींत मास्टर्स जिंकली, त्यानंतर तसें कोणास जमलेलें नाहीं. ओपन समुद्रकांठीं होते, तेव्हां सकाळीं खेळणाऱ्यास शांत हवा आणि दुपारीं खेळणाऱ्यास सोसाट्याचा वारा, असाही न्याय कधीं कधीं होतो. माळेगांवच्या म्हाताऱ्यांना गोल्फ ठाऊक नाहीं. पण त्यांची नजर याच जातीची आहे.

इतकें सगळें साधलें तरी पैजेचा भाव उरतोच, आणि मुलाची खरी चूक तेथें होती. समजा, अगदी तुल्यबळ अशा दोन मल्लांवर पैज घेणारा म्हणतो, "शंभर लावा, जिंकलांत तर शंभर परत आणि वर ऐंशी." एकानें एकावर, दुसऱ्यानें दुसऱ्यावर शंभर लावले. दोनशें आले, एकशें ऐंशी गेले, वीस त्याचे. कोण चीत झाला याचें त्याला सोयरसुतक नाहीं. लावणाऱ्यास मात्र नुसती फिटंफाट होण्यासाठीं शंभरांत छप्पन्न वेळां अचूक ओळखावें लागेल. नव्वद खेळाडू असले म्हणजे प्रत्येकाच्या भावांतून थोडें थोडें कापतां येतें, आणि तें कापलेलें दिसतही नाहीं. शिवाय आपण जें हेरलें तें भाव ठरविणाऱ्यानें बहुधा आपल्या आधींच हेरलेलें असतें. वुड्स २००० सालीं जोरांत आहेत हें कोणाला कळत नव्हतें?

कायद्याचें एका वाक्यांत सांगतों. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानें पैजेचा करार निरर्थक आहे, आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केला. मुलाचे पैसे ज्यांनीं घेतले त्यांचें दुकान कोणत्या देशांत आहे, हेंही त्याला सांगतां आलें नाहीं.

मीं त्याला एक कोरी वही दिली. म्हटलें, दर आठवड्यास स्पर्धा सुरू होण्यापूर्वीं एक नांव आणि त्याचा भाव यांत लिही. एक पैसाही लावूं नकोस. दहा आठवड्यांनीं तो वही घेऊन आला. दहांत एक नांव बरोबर आलें होतें, भाव एकास तीन. शंभर-शंभर लावले असते तर हजार गेले असते आणि चारशें आले असते, हा हिशेब त्यानें स्वतःच तळाशीं लिहिला होता. त्याखालीं खानावळीची बाकी लिहिली होती. ती त्यानें दिवाळीला गांवीं गेल्यावर वडिलांना सांगितली. वही अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे.